पुराची तालीम झाली, पंचनाम्याची कधी होणार?



मिरगाच्या आधी, मे महिना सरता सरता, तालुक्याच्या तळ्यावर नाहीतर नदीच्या घाटावर एक कार्यक्रम होतो. नारिंगी जाकिटं घातलेले जवान रबरी बोट पाण्यात उतरवतात. एक जण बुडाल्याचं सोंग घेतो, बाकीचे त्याला ओढून काढतात, छाती दाबतात, स्ट्रेचरवर घालून अँब्युलन्समध्ये नेतात. साहेब घड्याळ बघतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सरकारी कागदात याला 'रंगीत तालीम' म्हणतात. बोलताना सगळे मॉक ड्रिल म्हणतात.

आम्ही या तालमीची टिंगल करायला बसलेलो नाही. जवान जीव तोडून काम करतात आणि वेळ आली की खऱ्या पाण्यातही उतरतात. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही तालीम आमच्या गुड्यांत, पोडांत, तांड्यांवर व्हायला पाहिजे. आणि ती माणूस पाण्यातून काढला की थांबता कामा नये. आमच्यासारख्यांवर संकट दोनदा येतं. एकदा पाणी येतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तलाठी वही घेऊन येतो तेव्हा. पहिल्याची तालीम थोडीफार होते. दुसऱ्याची झालेली आम्ही तरी कधी पाहिली नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं, कलेक्टर त्याचे अध्यक्ष असतात. कलम ३० मध्ये या प्राधिकरणाची कामं दिली आहेत. निरोपाची साधनं चालू ठेवणं आणि आपत्तीच्या तालमी ठराविक काळानं घेणं, ही त्यातच आहेत. म्हणजे तालीम मागणं हा आपला हट्ट नाही, ते त्यांचं लिहून दिलेलं काम आहे. ती तालुक्याच्या तळ्यावरच घ्यावी असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

लातूरच्या साथींना आपत्ती म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या लेकराबाळांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. कुडाची, छपराची हलकी घरं मात्र बरीच तगली. (गरिबाच्या घराला कोणी चांगलं म्हटल्याचं हे एवढं एकच उदाहरण आमच्या माहितीत आहे.) त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात निर्धोक पट्ट्यात रंगवलेला होता. आणि आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्क्यांमागून धक्के बसले होते. जमीन सांगत होती, नकाशा ऐकत नव्हता. पहिले काही तास माती उपसली ती वाचलेल्या गावकऱ्यांनीच, हातांनी, फावड्यांनी, टोपल्यांनी. कुठंही असंच होतं. बाहेरची मदत पोचेपर्यंत शेजारी हाच जवान असतो. मग तालीम त्या शेजाऱ्याला नको का द्यायला?

भूकंपानंतरची एक गोष्ट जमिनीच्या चळवळीनं विसरू नये. ज्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, तिथं घर किती मोठं मिळणार ते कुटुंबात माणसं किती यावर ठरलं नाही. ते जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वरच्याला ७५०. भूकंपानं वाडा आणि झोपडी यांत फरक केला नव्हता, नंतरच्या यादीनं केला. सातबारा कोणाच्या नावावर आहे यावर पुढच्या पिढ्यांचं छप्पर मोजलं गेलं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं तो सगळ्यात लहान घरात गेला.

आता नांदेडकडे या. २०२५ च्या ऑगस्टात, १७ तारखेच्या रात्री, मुखेड तालुक्यात २०६ मिलिमीटर पाऊस पडला. लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडूनही पाणी आलं. लेंडी धरणाच्या पट्ट्यातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यात गेली. एकट्या रावणगावात सव्वादोनशेच्या आसपास माणसं अडकली. हसनाळमध्ये माणसं बुडून मेली. सैन्याची तुकडी संभाजीनगरहून मागवावी लागली. पुनर्वसन पुरं व्हायच्या आत धरणात पाणी अडवलं, असं तिथले लोक म्हणतात. त्यांचा हा झगडा पुराच्या कितीतरी आधीचा आहे. आम्हाला त्यातून एवढंच पुढं ठेवायचं आहे की जमीन-पुनर्वसनाचा प्रश्न आणि बुडण्याचा प्रश्न हे दोन खात्यांचे दोन प्रश्न नाहीत. जिथं हक्काचा निकाल लागलेला नसतो तिथंच माणूस रात्री पाण्याच्या वाटेत झोपलेला असतो.

तालमीनं खरंच फरक पडतो का? पडतो. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. नंतर तिथं किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी जथे केले, वर्षातून ठरलेल्या दिवशी तालीम चालू झाली. २०१३ मध्ये फायलिन नावाचं तसंच मोठं वादळ आलं. दहा लाखांच्या जवळपास लोक आधीच हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्या घरातलं वाटावं असं. इंडोनेशियात सिमेलुए नावाचं बेट आहे. तिथं १९०७ साली समुद्राची लाट आली होती. ती गोष्ट म्हाताऱ्यांनी लेकरांना सांगितली, गाण्यांत घातली: जमीन हलली आणि समुद्र मागं सरला की कशाची वाट न बघता डोंगर गाठा. त्या लाटेला त्यांच्या बोलीत 'स्मोंग' असा शब्द आहे. २००४ च्या सुनामीत सगळे 'स्मोंग, स्मोंग' ओरडत डोंगराकडे पळाले. पाऊण लाखाच्या वर वस्ती, गेली सात माणसं. शेजारच्या आचे प्रांतात दीड लाखाच्या वर मेली. त्या बेटावर कोणी साहेब तालीम घ्यायला गेला नव्हता. आपल्याकडं गाणं आहे, ढोल आहे, म्हाताऱ्यांना पाण्याची जुनी निशाणी माहीत आहे. अमक्या साली नाला या महूपर्यंत आला होता, असं सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना जिल्ह्याचा आराखडा करताना कोणी विचारलं असेल तर आम्हाला कळवा.

म्हणून आम्ही स्वतःच एकदा करून पाहिलं. पैनगंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठचा गुडा, चाळीसेक उंबरे. वैशाखातली कोरडी रात्र. आज रात्री तालीम आहे हे सगळ्यांना सांगितलं होतं, पण किती वाजता ते सांगितलं नाही. खोटी ओरड करून लोकांना घाबरवायचं नाही, हे आधी ठरलं होतं. कोइमतूरजवळच्या एका कॉलेजात २०१८ साली अशाच तालमीत पोरीला वरच्या मजल्यावरून ढकललं आणि ती मेली. तालीम म्हणजे कोणाच्या जिवाशी खेळ नव्हे. आम्ही रात्री दोनची वेळ धरली. सरकारी तालमीत पूर नेहमी सकाळी अकराला येतो, चहा झाल्यावर. खरा पूर असा येत नाही.

पहिली अडचण निरोपाची. 'गावाला फोन करा' असं कागदावर लिहायला सोपं. गुड्यात रेंज नाही. वरच्या टेकाडावर एका महूखाली उभं राहिलं तर दोन दांड्या येतात. एका पोराला तिथं पाठवून जिल्ह्याच्या १०७७ नंबरची आठवण किती जणांना आहे ते विचारलं, तर तो नंबर पाठ असलेला एकही माणूस निघाला नाही. आम्हा कार्यकर्त्यांतही दोघांनाच. मग ढोल वाजवला. म्हातारे उठले आणि विचारायला लागले, "कोण गेलं रे?" ढोलाचा तो ठेका मयतीचा वाटला. म्हणजे पाण्याचा ठेका वेगळा पाहिजे. तो तिथंच अंगणात बसून ठरवला: तीन थापा, थांबायचं, परत तीन.

मग ढोरं. माणसं निघायला तयार होती, बैल-शेळ्यांना सोडून निघायला तयार नव्हती. साहेब म्हणतील, अडाणी लोक. बैलजोडी गेली तर पुढचं वर्षच गेलं, हे ज्याला कळतं तो तसं म्हणणार नाही. ठरलं असं की ढोल वाजला की पहिलं काम दावी सोडणं, ढोरं आपली वाट आपण काढतात, मग लेकरं-म्हातारे घेऊन चालायला लागणं. उंचावर जायची जुनी पायवाट मध्येच तुटलेली. रोपवनाभोवती चर खोदलाय आणि तार मारली आहे. दिवसा माणूस वळसा घालून जातो, त्यामुळं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रात्री कंदील घेऊन, खाटेवर म्हातारी उचलून, त्या चरापाशी सगळे अडले. एक गरोदर बाई तिथंच बसली. उतरायचं म्हणून जी शाळा धरली होती, तिला कुलूप. किल्ली गुरुजींकडं, गुरुजी तालुक्याच्या गावी.

पाऊण तास लागला. आठ दिवसांनी परत केलं तेव्हा त्याच्या निम्मा. तोवर चरावर दोन लाकडं टाकली होती आणि शाळेची एक किल्ली आशाताईंकडं आली होती. एवढ्या गोष्टीला पैसा लागला नाही, कोणाचा शासन निर्णयही लागला नाही. फक्त रात्री एकदा उठावं लागलं. लेकरं तेव्हा सुट्टीत घरी होती. पावसाळ्यात ती आश्रमशाळेत झोपतात. तिथली तालीम वेगळी घ्यावी लागेल, आणि पोरांना कुठं नेणार ते आईबापांना आधी सांगावं लागेल. नाहीतर पुरात आईबाप शाळेकडं पळतात आणि वाटेत नाल्यात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीचा दुसरा भाग केला. तो खरा महत्त्वाचा ठरला. गावातल्या एका शिकलेल्या पोराला तलाठी केलं. त्यानं वही घेतली, डोळ्यावर चष्मा चढवला आणि घरोघर जाऊन विचारायला लागला, घर पडलं, कोणाच्या नावावर आहे? पीक वाहून गेलं, सातबारा दाखवा. पीक पाहणी केली होती का? पहिल्या चार-पाच घरांपर्यंत सगळे हसत होते. मग हसू थांबलं. कोणाकडं वनहक्काचा पट्टा होता, पण तो पत्र्याच्या पेटीत, उंदरानं कुरतडलेला. कोणाकडं दाव्याची फक्त पोचपावती. कोणाचा दावा कधीच वर गेला, त्याचं पुढं काय झालं ते त्याला माहीत नाही. एका विधवा बाईच्या घराचा सगळा कागद दिराच्या नावावर. दोन भाऊ, दोन चुली, रेशनकार्ड एकच. कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, कलम ४(४) मध्ये तसं लिहिलं आहे. तरी बायका म्हणायच्या, "ते घरी आले की त्याहीले विचारा, मले काय ठाऊक." आमच्या तलाठ्यानं शेवटी वही मिटली आणि म्हणाला, मी निम्म्या गावाला 'अतिक्रमण' लिहिलं असतं.

पोरगं आपलंच होतं, तरी असं झालं. खरा पंचनामा करणारा घाईत असतो, चिखलातून आलेला असतो, वरून यादी उद्या मागितलेली असते. तिथं भांडून काही होत नाही. कागद आधीच लागतात. विजेचंच घ्या. मराठवाड्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज पडून शेतात माणसं मरतात, झाडाखाली बांधलेली ढोरं मरतात. वारसांना सरकारची चार लाखांची मदत आहे. पण शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. आपली माणसं रडत-पडत त्याच दिवशी माती देतात, दवाखान्यात नेत नाहीत. मदत तिथंच गेली. हे एकदा तालमीत सांगितलं असतं तर त्या घराला कळलं असतं. आपत्ती कायद्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट आहे की मदत देताना स्त्री-पुरुष, जात, जमात, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. गायरान कसणारे लातूरचे साथी आणि जंगल कसणारे किनवट-माहूरचे साथी, दोघांनी हे कलम पाठ करावं. कारण जातीचं नाव न घेता 'अतिक्रमण' हा एक शब्द लिहिला की भेद होऊन जातो.

आता वरच्या पातळीचं. तालमीचा एक प्रकार टेबलावरचा असतो. पोलीस, महसूल, पाटबंधारे, आरोग्य, वीज अशा सगळ्या खात्यांचे लोक नकाशा पसरून बसतात. एक जण प्रसंग सांगतो आणि प्रत्येकानं आपण काय करणार ते सांगायचं. हा प्रकार चांगला आहे, खर्चही नाही. त्या टेबलाला आपली माणसं हवीत. प्रसंग आम्ही सांगतो: रात्री दोन वाजता इसापूर धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले. पैनगंगेचं पाणी हदगाव, हिमायतनगर ओलांडून किनवट-माहूरकडं येणार. पहिला निरोप कोण कोणाला देणार? कोतवालाचा फोन लागला नाही तर दुसरा कोण? पुलावरून पाणी गेलं तर बाळंतीण कुठं न्यायची? किनवटहून नांदेडपेक्षा आदिलाबाद कितीतरी जवळ आहे, पण ते तेलंगणात. त्या दवाखान्याशी कोणी कधी बोलून ठेवलं आहे का? नदीपलीकडं यवतमाळ जिल्हा. पूर जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही, निरोप मात्र हद्दीवर थांबतो. याची उत्तरं कोरड्या दिवसांत, चहा पिता पिता सापडली तर बरं.

काही साथी विचारतात, हे सगळं सरकारचं काम आपण फुकटात का करायचं? काम त्यांचंच आहे. पण तालीम आपण केली तरच त्यांच्या तालमीतल्या भेगा दाखवता येतात. नुसतं 'प्रशासन झोपलं आहे' म्हणून कोणी उठत नाही. चर कुठं आहे, किल्ली कोणाकडं आहे, रेंज कुठल्या महूखाली येते, असं बोललं की समोरच्याला टाळता येत नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे, आणि ती बायकांच्या बैठकीत आली. आपणच 'आमचं गाव धोक्यात आहे' असं लिहून दिलं, तर उद्या त्याच कागदावर आपल्याला उठवतील. अभयारण्याच्या आसपासच्या गावांना ही भीती उगाच वाटत नाही. यावर आमचं मत असं: पाणी असेपर्यंत बाहेर काढणं वेगळं आणि गाव उठवणं वेगळं. ठरावात दोन्ही वेगवेगळं लिहायचं. सुटकेसाठी हलवलेला प्रत्येक माणूस पाणी ओसरल्यावर आपल्या घरी आणि आपल्या शेतावर परत येईल, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सोबत जोडा. दाव्यांची पडताळणी पुरी झाल्याशिवाय ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला काढता येत नाही, असं ते सांगतं. आणि कोणी म्हणालं की जंगलात रस्ता, टॉवर, समाजघर होत नाही म्हणून निवारा देता येत नाही, तर त्याच कायद्याचं कलम ३(२) दाखवा. रस्ते, टेलिफोनच्या तारा, समाजमंदिर अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर.

किनवट-माहूरमधली बरीच गावं पाचव्या अनुसूचीत आहेत, तिथं पेसा लागू आहे, पाड्याचीही ग्रामसभा होऊ शकते. मिरगाच्या आधी ती बोलवा. एक रात्र आणि एक सकाळ ठरवा, रात्र सुटकेची, सकाळ पंचनाम्याची. सकाळच्या भागाला खऱ्या तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना बोलवा. आले तर खाट टाका, चहा द्या, नाही आले तर तसं इतिवृत्तात लिहा. घरागणिक यादी करा: घरात कोण कोण, दावा कुठल्या पायरीवर, ढोरं किती. विधवा, एकट्या बाया, भावाच्या कार्डावर असलेली वेगळी चूल, यांची नावं यादीत आधी घ्या. यादीवर ग्रामसभेचा शिक्का मारा. एक नक्कल तहसीलला, एक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला, एक प्रकल्प कार्यालयाला द्या आणि तिन्हीकडून पोच घ्या. पट्ट्याची आणि पोचपावतीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा, पेटीत ठेवू नका. ज्या गावात तालीम होईल त्यांनी काय काय अडलं ते आम्हाला लिहून पाठवा, पोस्टकार्ड चालेल. पुढच्या अंकात छापू, म्हणजे शेजारच्या गावाला तोच चर दोनदा शोधावा लागणार नाही.